कुणालाच न पटलेला रंग

१९९६ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. बायकोला जाऊन एक पावसाळा उलटला होता. ट्रक त्याआधीच विकला होता. मुलगा मुरगावला गोदीत, तो गणपतीला, चवथीला यायचा आणि चवथ संपली की जायचा. म्हणजे घरात मी, एक मांजर आणि दुसऱ्याचं एक पुस्तक.

पुस्तकाचं सांगायचं तर आधी बुधवारचं सांगायला हवं.

डिचोलीहून पाळीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या पडवीत दोन्ही अंगांना सिमेंटचे सोपे, बसायला. बायको होती तोवर दर बुधवारी दुपारची भांडी घासून झाली की तिथे तिघी यायच्या. शाळेतली मास्तरीणबाई, पोस्टमनची बायको आणि शेजारची सून, जी तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. आमची धरून चौघी. त्यांचा एक नियम होता. प्रत्येकीनं काहीतरी नवं आणायचं. वाचलेलं पुस्तक, नाहीतर पाहिलेला सिनेमा, नाहीतर नेलपॉलिशची बाटली. रिकाम्या हातानं बसायचं नाही.

आमची पेडण्याची. तिच्या माहेरी वाचायची रीत होती, त्यामुळे तिच्याकडे पुस्तकं, आणि मास्तरीणबाईंकडेही. पोस्टमनची बायको म्हापशाला बहिणीकडे जाऊन सिनेमे बघून यायची आणि येऊन सबंध सांगायची, गाण्यांसकट. मध्ये कुणी बोलायचं नाही. ती ‘इंटरव्हल’ म्हणाली की मगच चहा. सून रंग आणायची. एक बाटली उघडली की चौघी एकेका नखाला लावून बघत, उन्हात हात धरत. घरी जाताना एकेकीच्या हाताला चार-चार रंग. बाटलीवर नुसता नंबर असतो, नावं ह्या ठेवायच्या. रातांब्याचा, आबोलीचा, काजूच्या बोंडाचा, खाणीच्या मातीचा.

मी काही त्यांच्यात बसत नव्हतो. बायकांच्या गप्पांत बसणारा मी नव्हे. आतल्या खोलीत आडवा व्हायचो. जनेल उघडं असायचं, ऐकू यायचं, एवढंच. म्हापशाच्या थेटरात माझं पाऊल पडलेलं नाही, पण त्या वर्षांतले सगळे सिनेमे मला ठाऊक आहेत.

आणि एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याची होती. जो रंग चौघींत कुणालाच पटला नाही, ती बाटली माझी.

ट्रकाच्या चाकाचे नट घट्ट आवळले की नटावरून खाली रिमवर एक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटते आणि वाकूनसुद्धा न बघता कळतं. ऑइलपेंट उडतो, खडू धुऊन जातो. नेलपॉलिश धरून राहतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मीच काढलं. दोन यत्ता शिकलेला माणूस, पण पाळीच्या खाणीवर भरलेली गाडी उलटी घेऊन अरुंद वळणावरून काढणारा माझ्यासारखा दुसरा असेल तर दाखवा. खाणीवरची पोरं हसायची, ‘ट्रकाचं लगीन ठरलं की काय!’ हसून हसून मग तीच पोरं बाटल्या मागायला आली. दिल्या नाहीत.

शेवटचा रंग आला तो वांग्याचा. तिघींनी नाकं मुरडली. पोस्टमनची बायको म्हणाली, ‘बोट दारात चेंगरलं की नख असं होतं गो!’ आमची एकटीच म्हणाली, ‘मला आवडला.’ पण एकटीला आवडून चालत नसे. तिनं बाटली आत आणून माझ्या उशाशी ठेवली. ‘घ्या, माझ्या सवतीला.’

ती गेल्यावर तिघी आल्या, रडल्या, बाराव्याला राबल्या. नंतर नाही आल्या. एकट्या पुरुषाच्या पडवीत बायका येऊन काय बसणार, तेवढं मलाही कळतं. बुधवार मास्तरीणबाईंच्या सोप्यावर गेला, आमच्याहून तिसरं घर. वारा तिकडून असला की हसणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. नुसतं हसणं ऐकू येतं आणि कशाला ते कळत नाही, ते वाईट. त्या दुपारी मी जनेल लावून घ्यायचो. मग उकडायचं आणि उघडायचो.

राहिलं ते पुस्तक. तिच्या उशाशी होतं, मास्तरीणबाईंचं. मी ठरवलं, ज्यांचं आहे त्या मागायला येतील. मागायला आल्या की म्हणेन, बसा. मी नेऊन देणार नाही. म्हणून ते मी पडवीत सोप्यावर, रस्त्यावरून दिसेल असं ठेवलं. मास्तरीणबाई रोज सकाळी शाळेला तिथूनच जायच्या. एक दिवस थांबल्या.

‘भावजी, पावसाचं चिन्ह आहे. पुस्तक आत घ्या.’

आणि गेल्या. मागितलं नाही. मागितलं तर मला वाईट वाटेल म्हणून मागितलं नसणार, हे नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, त्यासुद्धा हट्टाला पेटल्या आहेत. म्हटलं, बघूया.

रोज समोर पडलेलं पुस्तक माणूस किती दिवस नुसतं बघणार? उघडलं. अक्षर लावून लावून वाचतो मी, जोडाक्षर आलं की गिअर बदलावा लागतो. एका माणसाची गोष्ट होती, बोटीवर कामाला जातो आणि बायको मागे राहते. येईन म्हणून सांगून जातो. सकाळी पोदेर पाव टाकून गेला की बसायचो, ऊन सोप्यावर आलं की उठायचो. अर्ध्याच्या थोडं पुढे एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. आमची तिथवर आली होती. पुढची गाडी थांबली की मागच्यानं थांबायचं, ही सवय. आठवडाभर मी त्या पानाच्या पुढे गेलो नाही. मग गेलो. पुढचं सगळं तिनं न वाचलेलं, असं धरून मी हळूहळू वाचलं, तिच्यासाठी वाचतो तसं.

वाचून संपलं आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. मांजराला काय सांगणार.

पुढच्या बुधवारी मी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला आणि पुस्तक घेऊन निघालो. स्वतःलाच बजावलं, द्यायचं आणि फिरायचं. बसायचं नाही.

तिथे सिनेमा चालू होता. पोस्टमनच्या बायकोनं मला बघितलं, हातानं ‘थांबा’ केलं आणि सांगतच राहिली. मी पायरीखाली उभा. हिरॉईन विहिरीत उडी टाकते की नाही, तिथे आणून ती म्हणाली, ‘इंटरव्हल. काय भावजी, वाट चुकलात?’

‘पुस्तक परत करायला आलो.’

सून म्हणाली, ‘परत करणं म्हणजे आणणं नव्हे हां. नियम तुमच्याच पडवीतला आहे.’

‘मी बसायला आलेलो नाही.’

‘मग उभ्यानं सांगा,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘वाचलंत?’

‘वाचलं.’

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला राग आला. म्हटलं, ह्यांना वाटतं मला वाचता येत नाही. म्हणून मी सांगितलं, ‘तो परत येत नाही. शेवटी ती घराला कुलूप घालते आणि किल्ली विहिरीत टाकते.’

सून किंचाळली. ‘अहो भावजी! मी वाचायचं होतं ते! शेवटच सांगून मोकळे झालात?’

‘कुठे पोचायचं ते आधी सांगावं. रस्ता मग.’

मास्तरीणबाई हसायला लागल्या ते थांबेचनात. डोळे पुसत म्हणाल्या, ‘तिच्याच घरचे शोभता. ती काय करायची? पुस्तक हातात पडलं की आधी शेवटचं पान. मग पहिल्यापासून. आम्ही किती भांडलो तिच्याशी.’

मला हे ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. म्हणजे दुमडलेल्या पानाशी थांबली तेव्हाही तिला माहीत होतं, तो येत नाही. मी आठवडाभर थांबलो होतो ते उगाच. मी पायरीवर बसलो. बसायचं नव्हतं.

सुनेनं चहाचा कप हातात दिला. चहा अर्धा झाल्यावर मीच म्हटलं, ‘परवा पाळीला माझी गाडी बघितली. ज्याला विकली त्याची. चहाच्या गाड्यापाशी उभी होती. वांग्याचा रंग अजून आहे. एकही रेघ तुटलेली नाही.’

‘तो मेलेल्या नखाचा?’ पोस्टमनची बायको म्हणाली.

‘तोच. तुम्हाला पटला नव्हता.’

‘तिला पटला होता,’ मास्तरीणबाई म्हणाल्या.

मग सिनेमाचा दुसरा भाग झाला, मी ऐकला. हिरॉईन उडी टाकत नाही. त्यानंतर सुनेनं नवी बाटली काढली. पिवळट हिरवा, पिकायला घातलेल्या पपईसारखा. तिघींनी एकेक नख रंगवलं आणि तिघींची तोंडं वाकडी झाली. सुनेनं झाकण घट्ट केलं, बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ती बाटली माझ्या कपाच्या बशीत ठेवली.

‘माझ्याकडे गाडी कुठे आता,’ मी म्हटलं.

‘रंग तुमचा,’ ती म्हणाली. ‘काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पुढच्या बुधवारी सांगा म्हणजे झालं.’

घरी आलो. मांजराला भात घातला. बाटली बायकोच्या उशाच्या जागी ठेवली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर येऊन गेल्यावर मी मागच्या खोलीतून सायकल बाहेर काढली, कोळिष्टकं झाडली, पान्हा घेऊन दोन्ही चाकांचे नट आवळले आणि प्रत्येकावर एक हिरवी रेघ ओढली. वाळेपर्यंत सोप्यावर बसून राहिलो. मग पाळीपर्यंत जाऊन आलो, रेघा टिकतात का ते बघायला.