नानांनी मला विचारलं तेव्हा

नानांचा वरचा ओठ कधी स्वस्थ नसे. बोलायच्या आधी ते तो खाली ओढून घेत, बोलून झालं की पुन्हा ओढून घेत, आणि हसू आलं तर मान खाली घालून मिशीवरून हात फिरवल्यासारखं करत. मिशी त्यांना नव्हती. एकदा ठेवून पाहिली होती, पण "दात छत्री घेऊन उभे राहिल्यासारखे दिसतात" म्हणून त्यांनीच ती काढून टाकली. वरचे पुढचे चार दात इतके बाहेर होते की ओठ मिटला तरी त्यातले दोन दिसतच राहायचे.

शहाडच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. मी ड्रॉइंग विभागात, ते टाइम ऑफिसमध्ये. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. आवाज मात्र असा की फोनवर ऐकणाऱ्याने खुर्चीत सरळ बसावं. हेड ऑफिसहून एक अधिकारी प्रथमच आले, तेव्हा टाइम ऑफिसच्या दारात उभं राहून त्यांनी नानांनाच विचारलं, "इथे फोनवर बोलतात ते साहेब कुठे बसतात?" नाना म्हणाले, "आत्ताच बाहेर गेलेत. काही निरोप आहे का?" हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे. आम्ही पोट धरून हसायचो. ते खोटं का बोलले असतील, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

कारखान्यातल्या आम्हा हौशी लोकांची एक नाट्यसंस्था होती. तालमी कल्याणला, पारनाक्याजवळच्या एका शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून व्हायच्या. दिग्दर्शक मी होतो. तिशीही ओलांडली नव्हती आणि आपल्याला नाटकातलं सगळं कळतं अशी खात्री होती. नाना आमचे हुकमी विनोदी नट. नोकर, आचारी, लग्न जुळवणारे मामा, भित्रा भाडेकरू, सगळं त्यांच्याकडे. ते रंगमंचावर आले की तोंड उघडायच्या आत हशा व्हायचा. नाना तो हशा ओसरेपर्यंत शांत उभे राहत आणि मगच बोलत. म्हणायचे, "पहिलं हसू दातांचं. त्याच्या पुढचं माझं."

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आम्ही एक गंभीर नाटक बसवत होतो. निवृत्त झालेला, हेकट बाप शेवटच्या प्रवेशात मुलीची क्षमा मागतो, असं काहीसं. बापाचं काम करणारा आमचा देखणा नट त्या दिवशी आला नव्हता. तालीम अडू नये म्हणून नाना म्हणाले, "मी वाचतो." हातात वही घेऊन, खिडकीशी उभे राहून, आमच्याकडे पाठ करून त्यांनी तो प्रवेश वाचला. मुलीचं काम करणारी आमची टायपिस्ट खरोखरच रडायला लागली आणि आपलं वाक्य विसरली. प्रवेश संपला. मग नाना वळले, आम्हाला त्यांचा चेहरा दिसला, आणि कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन. बापाचं काम अर्थातच देखण्या नटाकडे राहिलं.

त्यानंतर महिन्याभराने नाना मला म्हणाले, "शनिवारी ठाण्याला येतोस का? एका डॉक्टरांना दाखवायचंय." मला वाटलं छातीबितीचं काही असेल. नौपाड्यातल्या दवाखान्याची पाटी वाचली तेव्हा कळलं, हे दातांचं प्रकरण आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तिथे बाकी सगळी शाळेतली मुलं आयांबरोबर बसलेली, आणि त्यांच्यात एक्केचाळीस वर्षांचे नाना, गुडघ्यावर पिशवी घेऊन.

बाईंनी नीट तपासलं. तोंडात गुलाबी लगदा घालून दातांचा ठसा घेतला. पुढच्या खेपेला त्यावरून केलेला प्लास्टरचा पांढरा साचा नानांच्या हातात दिला. नानांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "माझं तोंड मी पहिल्यांदाच मागून बघतोय," ते म्हणाले. बाई हसल्या आणि समजावून सांगू लागल्या. वय आड येत नाही, हिरड्या चांगल्या आहेत, हाड मजबूत आहे. जागा करायला वरचे दोन आणि खालचे दोन दात काढावे लागतील, मग तारा लावायच्या. दोन वर्षं तरी लागतील. सुरुवातीला दुखेल, कडक काही खाता येणार नाही. "पण होईल?" नानांनी विचारलं. "होईल," बाई म्हणाल्या. "मात्र करायचं तर आता करा."

नानांनी ते लपवून ठेवलं नाही. टाइम ऑफिसमध्ये चेष्टेला ऊत आला. "काय नाना, पुन्हा बोहल्यावर चढताय?" "अहो, नातवंडांच्या वयात तारा?" नाना ओठ ओढून घेत आणि हजेरीची कार्डं लावत राहत. घरी वहिनी आधी म्हणाल्या, "मी पसंत केलं तेव्हा हेच दात होते ना?" मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुमच्या मनात आहे ना? मग करा. दोन वर्षं मऊ भात घालीन." हे मला नानांनीच सांगितलं. सांगताना चेहरा असा खुलला होता की त्या दिवशी ओठ ओढायचं ते विसरले.

दात काढायची तारीख ठरण्याआधी त्यांनी मला गाठलं. सुटी झाल्यावर गेटसमोरच्या हॉटेलात बसलो. चहा आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही.

"घरच्यांचं झालं, डॉक्टरांचं झालं," ते म्हणाले. "आता तू सांग. दात सरळ झाले तर तू मला त्या म्हाताऱ्या बापासारखं काम देशील? खरं सांग हं. नुसतं बरं वाटावं म्हणून नको."

त्या वेळी माझ्या पिशवीत एका नव्या फार्सची वही होती. स्पर्धेसाठी मी ती निवडली होती आणि त्यातला घोटाळे करणारा नोकर नानांशिवाय कुणाला जमणार नव्हता. तारा लावलेले नाना किंवा सरळ दातांचे नाना मला नको होते. पण हे बोलायची हिंमत नव्हती.

"नाना, चार चांगले दात काढायचे? या वयात?" मी म्हणालो. "आणि आवाजाचं काय? उच्चार बिघडले तर? सगळी मदार तर आवाजावर आहे तुमची."

आवाजाबद्दल मला काडीची माहिती नव्हती. डॉक्टरीणबाई असं काही बोलल्या नव्हत्या. ते वाक्य मी तिथल्या तिथे बनवलं.

"आवाज बिघडतो?" नाना दचकले.

"बिघडू शकतो. शिवाय लोक तुम्हाला ओळखतात ते तुमच्या या चेहऱ्यामुळे. तोच बदलला तर राहिलं काय?"

नानांनी ओठ ओढून घेतला. गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "बरं." एवढंच. ते परत ठाण्याला गेले नाहीत.

फार्स जोरात झाला. पहिलं बक्षीस मिळालं आणि नानांना अभिनयाचं पदक. पदक देताना पाहुणे माइकवर म्हणाले, "खरं तर एक पदक यांना द्यायला हवं आणि एक यांच्या दातांना!" सगळं सभागृह हसलं. मीही टाळ्या वाजवत हसलो. दुसऱ्या रांगेत वहिनी आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी बसल्या होत्या. मुलगी हसत नव्हती. ती आईकडे बघत होती आणि आई मांडीवरच्या पर्सकडे. नानांनी वाकून नमस्कार केला आणि ते आत गेले.

पुढच्या नाटकाच्या वाचनाला नाना आले नाहीत. शिफ्ट बदलून घेतली, जमणार नाही, म्हणाले. मी एकदाच आग्रह केला. खरं तर तेव्हाच मला सगळं समजलं होतं, पण समजल्याचं मी दाखवलं नाही.

सात-आठ वर्षं गेली. मी ती नोकरी सोडली, डोंबिवलीला राहायला गेलो. नाना टिटवाळ्याला नव्या इमारतीत गेल्याचं ऐकून होतो. ते गंभीर नाटक पुन्हा करायचं ठरलं तेव्हा वही घेऊन मी सरळ त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं. नाना गॅलरीत बसले होते, केस पांढरे झालेले.

बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, "नाना, तेव्हा आवाजाचं मी खोटं बोललो होतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी गेलेलो त्या बाईंकडे. विचारलं. म्हणाल्या, थोडे दिवस जीभ अडखळली असती, मग सरावली असती." आणि पुढे म्हणाले, "आता उपयोग नाही. हिरड्या झिजल्यात. तार लावली तर दातच हलतील म्हणतात."

मी वही पुढे केली. "म्हातारा तुम्हीच करायचा, नाना. आहेत त्या दातांनी करा."

त्यांनी वही मांडीवर घेतली. पहिलं पान उलटलं आणि मान वर न करता म्हणाले, "आहेत त्या दातांनी तर तेव्हाही करता आलं असतं रे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग त्यांनी शेवटचा प्रवेश काढला आणि वाचायला लागले. खुर्चीत बसूनच, माझ्याकडे तोंड करून. बापाने मुलीची मागितलेली क्षमा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. हातातला चहाचा ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दात होते तिथेच होते, आणि मला समोर फक्त एक बाप दिसत होता.

वाचून झालं. नानांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"झाला माझा म्हातारा," ते म्हणाले. "आता तू दुसरा कुणी बघ."

मी दुसरा कुणी पाहिला. देखणा होता, मेहनती होता. लोकांना नाटक आवडलं. तो शेवटचा प्रवेश मला मात्र विंगेत उभं राहून एकदाही पुरा ऐकवला नाही.