भाऊबीजेची साडी

हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. यंदा दिवाळीच्या तोंडावर माझ्या या जिभेनं जो काही दिवा लावला ना, तसा घरावर कुणी लावला नसेल!

कर्जतच्या बाजारात, साडीच्या दुकानात बसलो होतो. बसलो कसला, बायकोनं बसवलं होतं. तिच्यापुढे साड्यांचा ढीग, माझ्या मांडीवर पिशव्या. नवऱ्यानं अशा वेळी करायचं काय? मी आपला गिऱ्हाइकं बघत होतो.

सणाची खरेदी म्हणजे आनंद, असं कोण म्हणतं हो? समोर एक सासूबाई सुनेनं हात लावलेली प्रत्येक साडी नाक मुरडून बाजूला सारत होत्या. सून रडकुंडीला आलेली. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या!

तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस आत घुसला. शर्टाची बटणं खाली-वर लागलेली. "हिरवी साडी द्या. बिगी बिगी."

बिचारा! खरेदीच्या ताणानं पार गेलाय. मला राहवतंय होय?

"कुणासाठी घेताय?"

"बहिनीसाठी."

"वा, भाऊबीज! मग हिरवीच कशाला? ती जांभळी बघा."

"नाय, हिरवीच लागते."

बायकोनं मला करकचून चिमटा काढला. मी म्हटलं, हिला मत्सर वाटतोय! हिच्यासाठी कधी साडी निवडली नाही ना मी.

"मग ही पोपटी घ्या," म्हणत मी ती साडी चक्क स्वतःच्या खांद्यावर टाकली. सुनेला विचारलं, "कशी दिसते हो?"

"छान," ती पुटपुटली. सासूबाई मात्र माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या.

"अहो, गप्प बसा ना!" बायको कानाशी कुजबुजली. मी कसला बसतोय!

सेल्समननं विचारलं, "फॉल-पिको करायचं? परवा मिळेल."

"नको. आत्ताच पायजे."

"अहो, भाऊबीजेला वेळ आहे अजून!" मी हसत म्हटलं. "आणि बहिणीला नाही आवडली तर? बिल जपून ठेवा, बदलून मिळेल."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. डोळे लाल, कोरडे.

"बदलायला कोन येनार, दादा? सकाळीच गेली ती. पोशीरला दारात मानसं खोळंबलीत. म्हायेरची साडी नेसवली की उचलायचं."

आणि साडी अजून माझ्याच खांद्यावर!

"अहो, मग... आधी बोलला का नाही?"

"लोकं हौसेनं आलेत. सनाचं कशाला सांगायचं?" त्यानं माझ्या खांद्यावरची साडी अलगद काढून घेतली, काठावरून बोट फिरवलं. "हीच द्या. तिला आवडली असती."

तो पायऱ्या उतरायला लागला. मी पिशव्या टाकून मागे धावलो, त्याचा हात हातात घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं हो! दोन धीराचे शब्द. पण डोकं बधिर, आणि आठवडाभर भेटेल त्याला एकच वाक्य बोलून जीभ सरावलेली.

सगळ्या दुकानादेखत मी खणखणीत म्हणालो, "हॅप्पी दिवाळी!"

आणि त्या भल्या माणसानं साडी काखेत धरून मला हात जोडले. "तुमाला पन."