बाजारात बसणारं कुत्रं

इचोड्याच्या आठवडी बाजारात माझ्या नणंदेची भाजीची जागा होती. चिंचेच्या झाडाखाली, एका बाजूला सुकी मासळी विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला मडकीवाला. सकाळपासून सावली, आणि सडकेकडून येणारं गिऱ्हाईक आधी तिच्याच टोपल्यांसमोर यायचं. अशी जागा वर्षानुवर्षं नेमाने बसून मिळते आणि एका दुपारी जाऊ शकते. तिची जायला आली ती एका कुत्र्यामुळे.

नव्वद सालच्या थोडं आधीची गोष्ट. कुत्रं वर्षाच्या आतलं होतं. पिल्लूपण संपलेलं, शहाणपण यायचं बाकी, पाय लांब झालेले आणि ते कुठे ठेवावेत याचा पत्ता नाही. पहिल्यांदा बाजारात आणलं त्या दिवशी ते एका शेळीवर धावून गेलं, एका म्हाताऱ्याचं धोतर ओढलं आणि शेवटी मासळीवालीच्या टोपलीतून बोंबील उचलून मडक्यांच्या मधून पळालं. मडकी फुटली नाहीत, हे त्या दिवसाचं नशीब.

"अवं माय, हे कुत्रं हाय का दरोडेखोर?" मासळीवाली उभी राहून ओरडली.

नणंदेने तिच्यापुढे ओंजळभर वांगी ठेवली. "घे. भरपाई."

"वांग्याले बोंबलाचा वास येते का?" असं म्हणत तिने वांगी मात्र ओच्यात टाकली.

तेवढ्यात तैबाजारीवाला आला. तैबाजारी म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी. ती गोळा करायची आणि जागांचे तंटे मिटवायचे, ही त्याची कामं. त्याने कुत्र्याकडे बोट केलं. "अम्मा, एकीच बार बोलरऊं. फिर ये धिंगाणा हुआ तो जागा दुसरे कू."

नणंदेने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "पुन्हा असं झालं त जागा दुसऱ्याले देते म्हंते." तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मेथी दिली.

तिला सगळे अक्का म्हणत, मीही. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, आणि मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा विहिरीजवळचा भाजीचा तुकडा ती एकटी पिकवत होती. मधे तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तो ऐकू येणं घेऊन. जवळून मोठ्याने बोललं तर कळायचं, एरवी नाही. बाजाराच्या सकाळी माझे यजमान बैलबंडीतून भाजी पोचवून शेताकडे परत जायचे. संध्याकाळी अक्का रिकाम्या टोपल्या घेऊन चालत यायची, आणि त्या वाटेचा बराच भाग हैदराबाद-नागपूर सडकेच्या कडेने होता. मागून ट्रक आला तर तिला कळत नसे. आधीचं म्हातारं कुत्रं सडकेच्या बाजूने चालायचं आणि ट्रक आला की तिच्या पायाला अंग घासायचं. ते मेलं, म्हणून हे आणलं होतं.

त्या रात्री जेवताना यजमान मोठ्याने म्हणाले, "अक्का, आता बाजार बंद कर. कुत्रं नेलं त जागा जाते, नाई नेलं त तू जाशील. भाजी मी विकतो."

"तू?" अक्का म्हणाली. "मागच्या खेपेले तू टमाटे वाटून आला. विकून नाई, वाटून."

"अवं, भाव पडला होता."

"भाव नाई पडला. तू लाजला."

यजमानांनी भाकरीचा पुढचा घास मोडला. खरं होतं ते. पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, आणि अक्काला ते माहीत होतं. बाजार म्हणजे तिच्या हातातला पैसा, तिच्या ओळखी, आठवड्यातून एकदा घराबाहेरचं बोलणं. ऐकू कमी येणाऱ्या बाईला घरात बसवलं की ती हळूहळू घरातल्या सामानात जमा होते. हे मी दुसऱ्या घरांत पाहिलं होतं. म्हणून मीही म्हटलं, कुत्रंच शिकवू.

शिकवण्याची पद्धत आमच्याकडे एकच होती, गोऱ्ह्याची. नवा गोऱ्हा जुवाला लावायचा तर त्याला म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला लावतात. म्हाताऱ्याला काही नवल वाटत नाही, ते बघून तरण्यालाही वाटेनासं होतं. यजमानांनी तेच केलं. कुत्र्याला बंडीच्या आसाला बांधलं आणि शेताच्या फेऱ्या सुरू केल्या. बंडी चालली की बंडीखालून चालायचं, बंडी थांबली की बंडीखाली बसायचं. वर सावली, समोर बैलांचे संथ पाय. थोड्याच दिवसांत दोर सोडला तरी ते आसाखालून हलेना. यजमान खूश झाले. "पाह्य, बैलाहून लौकर शिकलं."

अक्काचं निराळं काम चालू होतं. आम्ही सगळे कुत्रं भुंकलं की "हाड! गप!" म्हणून ओरडायचो. त्याला वाटत असणार, आपल्यासोबत घरही भुंकतंय. ते आणखी जोर करायचं. अक्काला भुंकणं ऐकूच येत नसे. ती वाफ्यात पाठमोरी बसलेली असायची, आणि हे मागे उभं राहून घसा कोरडा करायचं. मिळायचं काही नाही. भाकरीचा तुकडा मिळायचा तो हनुवटी जमिनीला टेकली की. तोसुद्धा ती कौतुक न करता, न बघता, मागे हात करून द्यायची. हळूहळू त्याने अक्कासमोर भुंकणं सोडलं. काही सांगायचं असलं की जवळ जाऊन तिच्या गुडघ्याच्या मागे नाक खुपसायचं. हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याने स्वतःच शोधून काढलं, आणि अक्काने ते ओळखून लगेच वळून बघायची सवय लावून घेतली. मला त्या दोघांत जास्त हुशार कोण हे अजून ठरवता आलेलं नाही.

पुन्हा बाजारात नेलं तेव्हा आमची बंडी माघारी गेल्यावर कुत्र्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला. अक्काच्या मागे ज्वारीची पोती आणणाऱ्या एका शेतकऱ्याची बंडी सोडलेली होती. यजमानांनी कुत्र्याला तिच्याखाली बसवलं. बसलं. शेळ्या गेल्या, भांडण झालं, फुगेवाला पिपाणी वाजवत गेला, ते बसूनच. मासळीवाली वाकून बघून म्हणाली, "मेलं का काय?"

दुपार कलली तशी त्या शेतकऱ्याने बैल जुंपले. बंडी हलली. कुत्रं उठलं आणि शिकवल्याप्रमाणे आसाखालून चालू लागलं. अक्का पाठमोरी, मी सडकेपलीकडे मीठ घ्यायला गेलेली. मडकीवाल्याने हाका मारल्या, पण अक्काला मारलेल्या हाकेचा काय उपयोग? मी परत आले तेव्हा बंडी बाजारहत्नूरच्या वाटेला लागून दिसेनाशी झाली होती.

त्या संध्याकाळी मी अक्काबरोबर चालत आले. ट्रक आला की तिची बाही ओढायची, एवढंच माझं काम. बंडीखाली बसवायची पद्धत यजमानांची होती. तरी घरी तेच म्हणाले, "जाऊ दे. झालं ते बरं झालं. आता बाजाराचं मनातून काढ."

अक्का म्हणाली, "त्याचं काय चुकलं? त्यानं सांगितलं ते केलं. आपण त्याले बंडी शिकवली, आपली बंडी कोनती ते शिकवलं नाई."

पुढच्या बाजाराला ज्वारीवाल्याची बंडी आली, आणि तिच्या आसाखालून आमचं कुत्रं आलं. थोडं जाड झालेलं.

"बाई, हे तुमचं हाय का?" शेतकरी म्हणाला. "हाकललं त जात नाई. बांधावर बंडी, बांधावर कुत्रं. घरी बंडी, घरी कुत्रं. माह्या बायकोनं रोज भाकर टाकली. म्हंते, असा जावई पाहिजे होता."

"नेता का मंग?" मासळीवालीने विचारलं.

"नाई वं बाई. आमच्या घरी एक जावई हायच."

मी कानाशी सांगितलं तशी अक्का हसली. पण हसताना तिने कुत्र्याला बंडीखालून उठवलं आणि आपल्या मागे, भाजी बांधून आणलेल्या रिकाम्या पोत्यावर बसवलं. त्या दिवशी ते जेमतेम बसलं. पोत्यावरून चारदा उठलं, चारदा तिने काही न बोलता परत बसवलं, आणि आम्ही बाजार अर्ध्यात सोडून निघालो. तैबाजारीवाला त्या दिवशी आला नाही, म्हणून निभावलं.

मग पोतंच शिकवायचं ठरलं. तेच एक पोतं, धुवायचं नाही, बदलायचं नाही. अक्का ते काखेत घेऊन निघायची. आधी आमच्या अंगणात, कोंबड्यांच्या मधे. तिथे जमलं की बोअरिंगच्या हापशावर, जिथे बाया भांडतात आणि पोरं पाणी उडवतात. मग सडकेच्या थांब्यावर, बस येते-जाते तिथून जरा लांब, मग जवळ. परतीच्या वाटेवर मागून ट्रक आला की ते तिच्या गुडघ्यामागे नाक खुपसू लागलं. जिथे कुत्रं बावचळायचं तिथून ती मुकाट्याने पोतं उचलून थोडी मागे यायची आणि पुन्हा टाकायची. मार नाही, ओरडा नाही, लाडही नाहीत. हापशावरच्या बाया हसायच्या. "अक्का कुत्र्याले शाळेत घेऊन चालली." अक्काला ते ऐकू येत नव्हतं, मी सांगायचेही नाही. एक दिवस तिनेच विचारलं, "काय म्हनून राह्यल्या त्या?"

"कुत्र्याले शाळेत घेऊन चालली म्हंतात."

"मंग खोटं काय हाय त्यात?" ती म्हणाली, आणि पोतं टाकलं.

मी घाईची बाई. मला एका कामातून दुसऱ्यात जायला आवडतं. अक्काला एकाच जागी, एकच गोष्ट, तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा करता यायची, आणि कालच्यापेक्षा आज वाईट गेलं तरी तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. कुत्र्याला तिच्याकडून आणखी काही शिकायचं नव्हतंच. तेवढंच शिकायचं होतं.

मग आम्ही पुन्हा बाजाराला गेलो. कुत्रं पोत्यावर, अक्का तागडी घेऊन पुढे, मी टोपल्यांजवळ. तैबाजारीवाला लांबून येताना दिसला. मासळीवालीलाही दिसला. तिने टोपलीतला एक चांगला लांब बोंबील काढला आणि पोत्यापासून वीतभर अंतरावर जमिनीवर ठेवला.

"आता पाहू, शाळेत काय शिकलं ते."

मी टोपलीतल्या जुड्या लावत राहिले. अक्का पाठमोरी होती, एका बाईला दोडके तोलून देत होती. मी सांगितलं असतं तर कुत्र्याचं काहीच ठरलं नसतं. मडकीवाल्याने काम थांबवलं. तैबाजारीवाला येऊन उभा राहिला, हात बांधून.

कुत्र्याने बोंबलाकडे बघितलं. तोंडातून लाळेची तार खाली आली आणि पोत्यावर पडली. ते थरथरलं. मग उठलं.

"घेतलं!" मासळीवाली म्हणाली.

पण ते बोंबलाला वळसा घालून अक्काकडे गेलं आणि तिच्या गुडघ्यामागे नाक खुपसलं. सडकेवर ट्रक आला की सांगायचं तसं. अक्का तागडी हातात धरूनच वळली. आधी सडकेकडे बघितलं, काही नव्हतं. मग कुत्र्याकडे, मग खाली. तिने बोंबील उचलला, मासळीवालीच्या टोपलीत परत टाकला आणि म्हणाली, "तुया माल सांडला वं."

मडकीवाला इतका हसला की त्याला धोतराचा सोगा डोळ्यांना लावावा लागला. अक्काने पोत्याकडे नुसता हात केला. कुत्रं जाऊन बसलं, हनुवटी टेकली. तिने मागे हात करून भाकरीचा तुकडा दिला आणि दोडके घेणाऱ्या बाईला उरलेलं माप पूर्ण करून दिलं.

तैबाजारीवाल्याने पावती फाडून तिच्या टोपलीत टाकली. "बैठने दो," तो म्हणाला. "आधे बाजार से तो येच शरीफ है."

"काय म्हंते तो?" अक्काने मला विचारलं.

"बसा म्हंते."

"मंग बसलीच त हाव मी."

संध्याकाळी पसारा आवरताना मासळीवालीने तोच बोंबील कागदात बांधून पुढे केला. "घे. त्याचाच हाय."

"इथं नाई देत," अक्का म्हणाली आणि पुडी कमरेला खोचली. "घरी गेल्यावर."

यजमानांनी लवकर बोलावलं होतं म्हणून मी त्या दिवशी बसने आले. थांब्यावरून बस सुटली तेव्हा खिडकीतून ती दिसली: डोक्यावर टोपल्या, काखेत पोतं, आणि सडकेच्या बाजूने कुत्रं. आमची बस तिच्या पुढे गेली, आणि मी वळून बघितलं तर अक्काच्या मागून ट्रक. कुत्र्याने तिच्या पायाला धक्का दिला आणि ती मागे न बघता कडेच्या गवतात उतरली, चालण्याचा वेग जराही कमी न करता. ट्रक गेला. ती परत वर आली.

घरी यजमानांनी विचारलं, "अक्का कुठाय?"

"येते," मी म्हटलं. "पुढच्या बाजाराची वांगी काढायला माणूस सांगून ठेवा."