अक्कांजवळ बसायचं काम

लग्न होऊन मी गणेशगुडीजवळच्या रानातल्या गावी आले तेव्हा माझ्या अंगी एकच गुण होता, आणि सासरी तो अवगुणात धरला जाई. मी अखंड बोलत असे. बाकी सगळा आनंदच. माझी भाकरी तव्यावर फाटायची आणि मी लावलेली भाताची रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगायची.

शेजारच्या अक्कांच्या पोटात गाठ झाली आणि सुप्याच्या वैद्यानं हात टेकले. कारवारचा दवाखाना घाटाखाली. तिथवर त्या पोचल्याच नसत्या. अक्कांना ना मूल, ना नवरा. मग गावानंच कामं वाटून घेतली. कुणी पेज आणायची, कुणी त्यांची गाय राखायची, दोघे जण सकाळी त्यांना बाजेसकट उन्हात आणून ठेवायचे. मीही एकदा पेज केली. ती चाखून सासूबाई म्हणाल्या, "आजारी मानसाला आनि कशाला तरास? तू नुसती जाऊन बस. आनि तोंड उघडू नको."

म्हणजे कुणालाही जमलं असतं ते काम माझ्या वाट्याला आलं. तेही मला जमलं नाही.

अक्कांकडे येणारी प्रत्येक बाई दारातूनच म्हणायची, "आज तोंडावर तेज हाय बघा. दिवाळीचं पोहं कांडाया उठशीला." अक्का मान हलवायच्या आणि बाई गेली की डोळे मिटायच्या. मी ओठ आवळून बसायची. ते दिवस कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. एका दुपारी अंगणात गाय हंबरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, तुमच्या मागं ही गाय कुनाकडं जानार?"

अक्कांनी डोळे उघडले. आता या उठून मला चुलीतलं लाकूड फेकून मारणार, असं मला वाटलं. त्यांना उठता येत नाही हे भीतीनं मी विसरलेच होते.

"रोज त्योच इचार करतीया मी," त्या म्हणाल्या. "पर बोलू कुनाशी? जो त्यो मला दिवाळीला उठवतोय."

मग त्या बोलत सुटल्या. गाय भाचीला द्यायची होती. भाची नदीपलीकडे दिलेली. तिच्या लग्नात मानपानावरून अक्का भरल्या ताटावरून उठून आल्या होत्या, तेव्हापासून बोलणं बंद. "तू जा," त्या म्हणाल्या. "हळूच सांग तिला. गावात बभ्रा नको."

बभ्रा नको, हे त्यांनी मला सांगितलं! होडीतून उतरेपर्यंत मी ती गोष्ट पाणवठ्यावरच्या बायांना, वाटेतल्या एका म्हाताऱ्याला आणि होडीतल्या सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. प्रत्येकाला वर "कुनाला सांगू नका" म्हणून. भाचीच्या घरी पोचले तर ती पदर खोचून दारातच उभी. होडीतला एक जण माझ्या पुढे पाय उचलून गेला होता.

"गाय कशाला मला?" ती कडाडली. "मावशी मराया टेकली, ह्ये सांगाया गाय लागती व्हय?"

मी काही बोलणार तोवर ती वाटेला लागली. तिच्यामागे धापा टाकताना मला आयुष्यात प्रथमच ओठ न आवळता गप्प राहता आलं.

भाची आली ती राहिलीच. आल्या आल्या दोघी एकमेकींवर नुसत्या ओरडल्या. संध्याकाळी भाची अक्कांचे केस विंचरत होती. अक्कांना सगळं ठाऊक आहे हे माझ्यामुळं गावभर झालंच होतं, तेव्हा पुढे बायांचं दिवाळीचं म्हणणंही थांबलं. कुणी जुन्या आठवणी काढी, कुणी सरळ विचारी, "भ्या वाटतं का?"

"अंधार पडल्यावर वाटतं," अक्का म्हणाल्या. मग कुणी ना कुणी तिथं झोपायला जाऊ लागलं. अक्का गेल्या त्या सकाळी त्यांचा हात भाचीच्या हातात होता आणि पेज आणलेली बाई चुलीशी होती. मी नेमकी घरी तोंड धूत होते.

आता गावात आपलं नाव झालं, असं मी तरी समजत होते. पुढच्या साली वरच्या वाडीतले एक आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी आपण होऊन त्यांच्या उशाशी जाऊन बसले आणि बोलणं सुरू केलं. आजोबांनी थोडा वेळ ऐकलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि सुनेला हाक मारली, "हिला आदी घरी घालव. मग मला पानी दे."