चार बोटं जास्त

पुणतांब्याच्या स्टेशनाकडून गावात शिरताना एक पत्र्याचं शेड लागतं. त्याच्यावर पाटी नाही, आणि लावायची गरजही कधी पडली नाही, कारण आत इसहाक पाटोळे बोलत असतो आणि त्याचा आवाज ग्राइंडरच्या वरताण आहे. कंपनीने गाडी एका तऱ्हेची बनवली आणि गिऱ्हाइकाला ती दुसऱ्याच तऱ्हेची हवी असली, की गिऱ्हाईक इसहाक मिस्तरीकडे येतं. दूधवाल्यांच्या मोटरसायकलींवर कॅन अडकवायच्या चौकटी, जीपवरच्या कमानी, रसवंतीवाल्याचं तीनचाकी, बॅण्डवाल्यांची कर्णे लावायची गाडी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. लोखंडी पाइप वाकवावा तर इसहाकने, हे त्याचे दुश्मनही मान्य करतील. दुश्मन मात्र त्याला कोणी नाही, आणि त्याचंच आश्चर्य वाटावं असं त्याचं तोंड आहे.

पाइप वाकवण्यात एक गोम असते. वाकवलेला पाइप मशीनमधून सोडला की थोडा मागे येतो. म्हणून हवा त्यापेक्षा चार बोटं जास्त वाकवायचा, मग सोडायचा, म्हणजे तो बरोबर जागेवर येऊन थांबतो. इसहाक हे तरुणपणी श्रीरामपुरात एका उस्तादाकडे शिकला. शिकला ते बरं झालं, पण पाइपापुरतं शिकला असता तर आणखी बरं झालं असतं. पठ्ठ्याने तोच हिशेब माणसांना लावला. ताप आला की तो सरळ शवपेटीची चौकशी करायचा. कालवणात मीठ जास्त झालं की या घरात पुन्हा जेवणार नाही म्हणायचा आणि म्हणता म्हणता दुसरी भाकरी मोडायचा. ख्रिस्ती देवळात उभा राहून पावसाची प्रार्थना करायची तर तीही दीडपट. ज्या वर्षी गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढून वर आली, त्या वर्षी पाळकसाहेबांनी त्याला प्रार्थनेला उभंच राहू दिलं नाही.

गावाला हे ठाऊक होतं. इसहाक काही बोलला की जो तो मनातल्या मनात वजाबाकी करायचा आणि उरेल तेवढं घ्यायचा. वजाबाकी न येणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तो नेमका इसहाकच्याच शेडात कामाला होता.

त्याचं नाव भिमाजी. इसहाकने पाइप वाकवायचा आणि भिमाजीने त्याच्या तोंडाला खाच पाडायची, अशी त्यांची वाटणी. गोल पाइप दुसऱ्या गोल पाइपावर बसवायचा तर त्याचं तोंड दुसऱ्याच्या अंगाबरोबर कोरावं लागतं. भिमाजी कागद गुंडाळून रेघ मारायचा, कापायचा, मग कानस घेऊन घासत बसायचा. शेवटी दोन्ही पाइप जुळवून उन्हात धरायचा. जोडातून केसाएवढा उजेड दिसला तरी पुन्हा कानस. वीसेक वर्षांत त्याच्या जोडातून उजेड गेलेला कोणी पाहिला नव्हता.

बोलणंही तसंच, जोडात बसेल एवढंच. जेवलास का विचारलं तर "दीड भाकर" म्हणायचा. दोन मिनिटं थांब, आलोच, असं कोणी म्हणालं तर दोन मिनिटं थांबून खरोखर निघून जायचा. त्याच्या लेखी शब्द म्हणजे माप होतं, आणि माप चुकीचं देण्यात कोणाला काय मिळतं हे त्याला कधी कळलं नाही.

असली दोन माणसं एका शेडात नांदली ती फिलोमिनामुळे. फिलोमिना इसहाकची बायको. घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे दिवसभर शेडाच्या दारात स्टूल टाकून ती निवडणं-टिपणं करत बसायची. इसहाक मापं अगदी बरोबर घ्यायचा, पण सांगताना त्याची जीभ सवयीने पुढे जायची. "भिमा, दोन इंच खा रे!" तो ओरडायचा. फिलोमिना ताटातली डाळ पाखडत, मान वर न करता म्हणायची, "दीड, भावजी." भिमाजी दीड कापायचा. जोड चपखल बसायचा आणि इसहाक छाती फुगवून म्हणायचा, "बघ, माझं माप हाय!" स्वतःच्या आवाजात बायकोचा आवाज त्याला इतक्या वर्षांत ऐकूच आला नव्हता.

असं चाललेलं असताना सुकन्या आली. राहात्याच्या बाजूला एका वस्तीवर राहणारी, बोलायला चटपटीत. वस्त्यांवरच्या बायकांना दळण घेऊन गावात यावं लागतं, तर गिरणीच बायकांच्या दारात न्यायची, असं तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी तिने जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला होता. त्याच्यावर पाइपांचा सांगाडा हवा होता, गिरणी सुरू झाली तरी गाडी नाचणार नाही असा दणकट. इसहाकने तिला सांगितलं की असा सांगाडा बनवतो की हत्तीसकट गाडी विमानातून फेकली तरी वाकणार नाही. सुकन्याने वजाबाकी केली आणि काम दिलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून इसहाक-फिलोमिनाच्या लेकीचा, एंजलचा, फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. फिलोमिनाने लाडवांचे डबे बांधले आणि ती एसटीत बसली. खिडकीतून नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तोंड सांभाळा." भिमाजीलाही दोन शब्द सांगावेत असं तिच्या मनात होतं, पण तेवढ्यात गाडी सुटली.

गाडीच्या मागच्या बाजूची मोठी कमान इसहाकने दुसऱ्या दिवशी वाकवली. सबंध दुपार घालवली. कमान उतरली ती अशी सुरेख की तो स्वतःच तिच्याभोवती दोनदा फिरून आला. मग भिमाजीला म्हणाला, "दोन्हीकडनं दोन-दोन इंच खा."

भिमाजीने दाराकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. त्याने दोन-दोन इंच कापलं.

कमान गाडीवर चढवली तर दोन्ही टोकं खालच्या पाइपाच्या अर्धा इंच वर अधांतरी. लांब असती तर आखूड करता आली असती, आखूड झालेलीला इलाज नव्हता.

"अरे, हे काय केलंस?" इसहाक किंचाळला.

"तुमी दोन म्हनले."

"मी म्हनलं म्हनून कापायचं? डोकं हाय का खोकं? वाटोळं केलंस माझ्या कमानीचं! चालता हो! उद्यापासून इकडं फिरकू नको. तुझ्यावाचून काय अडलंय माझं!"

भिमाजीने कानस फडक्याने पुसली, खिळ्याला अडकवली, डबा उचलला. दारात जाऊन तो थांबला. इसहाकला वाटलं, आता हा काहीतरी मऊ बोलणार.

"उद्यापासून म्हंजे उद्या धरून?" भिमाजीने विचारलं.

"धरून!" इसहाक ओरडला.

भिमाजी गेला. इसहाक अजिबात घाबरला नाही. आपण चार बोटं जास्त वाकवलंय, आता सोडलं की येईल मागे, एवढा त्याला स्वतःच्या धंद्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी भिमाजी आला नाही. जेवणापर्यंत येईल म्हणून इसहाक थोडा उशिरा जेवला, तरी आला नाही. मग त्याने नवी कमान वाकवली आणि खाच पाडायला स्वतःच बसला. कागद गुंडाळला तर तो सुटला, रेघ मारली ती तिरपी गेली, आणि कानशीने बोटाचं साल निघालं. जोड उन्हात धरला तेव्हा शेडाच्या जमिनीवर उजेडाची चांगली रुंद पट्टी पडली. संध्याकाळी सुकन्या काम बघायला आली. तिने त्या फटीत करंगळी घालून पाहिली.

"काका, माझं बोट जातंय ह्यातनं."

"वेल्डिंग भरलं की दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, पर ऱ्हाती ना? गिरनी थरथरली की उकललं म्हंजे? भिमाजीकाका कवा येनार हायेत?"

"हा काय, येतोच हाय," इसहाक म्हणाला आणि त्याने उगाच रस्त्याकडे बघितलं.

रात्री त्याने पुण्याला फोन लावला. भिमाजी कसा उलट बोलला, कसा अंगावर आला, याचं त्याने रसभरीत वर्णन केलं. फिलोमिना सवयीने वजा करत ऐकत होती.

"म्हंजे ते काय बोलले न्हाईत," ती म्हणाली. "आन् तुमी काय बोलला?"

"येऊ नको म्हनलो."

"खरंच म्हनला? त्यांना?"

"व्हय."

 मग ती म्हणाली, "त्यांना तुमचं बोलनं कमी करून मी सांगत हुते. आता मी हितं पोरीपाशी हाय. जावा, आन् जेवढं हाय तेवढंच बोला."

इसहाकला त्या रात्री झोप लागली नाही. आपण इतकी वर्षं दोन म्हणत होतो आणि भिमाजी दीड कापत होता, हे त्याला फोन ठेवल्यावर हळूहळू उमगलं. पहाटेच उठला, आवरलं, आणि घरात बसवेना म्हणून नेहमीपेक्षा लवकर शेडापाशी आला. साडेसात वाजले होते. समोरचा चहावाला वैजनाथ रस्ता ओलांडून आला आणि शटरपुढच्या पायरीवर अर्धा कप चहा ठेवून, इसहाकला बघून चपापला.

"आज बी आला न्हाई व्हय भिमाजी? मी आपला हाताच्या सवयीनं घेऊन आलो."

"तो हितं कशाला येईल एवढ्या सकाळी?"

"रोज येतो की. साडेसातला येतो, पायरीवर बसतो. तुमी आठला येता, मग शटर उघडतं."

"रोज? कशापायी?"

"तुमीच साडेसात सांगितलंय म्हने."

इसहाकला आठवलं. कामावर घेतलं त्या दिवशी त्याने साडेसात सांगितलं होतं. माणूस अर्धा तास उशिरा येतोच, आठला यावा म्हणून साडेसात. बाकीची पोरं आठला यायची, काम शिकून निघून जायची. भिमाजी दिसायचा तो शटरपाशी उभाच, आणि इसहाकला वाटायचं, हाही आत्ताच आला असेल. पावसाळ्यात डोक्यावर डबा धरून उभा असायचा तेव्हाही तसंच वाटलं होतं.

इसहाक पायरीवर बसला. दगड गार होता. त्याला लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती जेवढी होती तेवढीच वाटली, तीही काही कमी नव्हती.

शटर न उघडताच तो उठला आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे भिमाजीच्या घरी गेला. भिमाजी ओट्यावर बसून बाजेची दोरी ताणत होता.

"जय भीम," इसहाक म्हणाला.

"जय ख्रिस्त. बसा."

इसहाक बसला नाही. "भिमा, माझ्याएवढा नालायक मानूस या जगात न्हाई."

भिमाजीने विचार केला. "असतील की."

"तुझ्यावाचून मी मरून जाईन!"

"कालपासून तर जित्ते हाये तुमी," भिमाजी म्हणाला आणि दोरीला पीळ दिला.

 तोंडात आलेलं तिसरं वाक्य इसहाकने गिळलं, चौथंही गिळलं. बोलणं घासून घासून कमी करायला त्याला एवढी मेहनत पडली की कपाळावर घाम आला. भिमाजी थांबला होता. तो घाई करणाऱ्यातला नव्हता.

"दोन इंच मीच म्हनलो हुतो," शेवटी इसहाक म्हणाला. "दीड पायजे हुता. चूक माझी हाय."

भिमाजीने मान हलवली. हे जुळत होतं.

"आन् तू शेडात नसला की मला करमत न्हाई."

"ह्यातलं किती वजा करायचं? वहिनी न्हाईत, म्हनून इचारतो."

"काय न्हाई," इसहाक म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "हाय तेवढंच हाय."

भिमाजी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, जोड उन्हात धरून बघावा तसा. मग त्याने दोरीची गाठ मारली.

"उद्या किती वाजता येऊ?"

साडेसात इसहाकच्या ओठापर्यंत आलं होतं. "आठ," तो म्हणाला. मग राहवेना म्हणून त्याने विचारलं, "इतकी वर्सं पायरीवर बसत हुतास, मला एका शब्दानं बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, तुमाला उशीर व्हतो. व्हतो मानसाला."

"रोज?"

"रोज," भिमाजी म्हणाला. "म्हनलं, घरी काय अडचन असंल."

दुसऱ्या दिवशी साडेसातला इसहाक शटरपुढच्या पायरीवर येऊन बसला. किल्ली खिशात होती, पण त्याने शटर उघडलं नाही. वैजनाथने अर्धा कप आणून दिला. इसहाकने त्याच्याकडून आणखी एक कप मागून घेतला, त्यावर बशी झाकली आणि शेजारी ठेवला. रस्त्यावरून दूधवाले गेले, शाळेची पोरं गेली, कोणी कोणी हाका मारल्या. अर्धा तास केवढा असतो हे इसहाक पहिल्यांदाच मोजत होता, आणि तो चांगलाच मोठा निघाला.

आठ वाजता भिमाजी आला. मिस्तरी पायरीवर बसलेला बघून तो गडबडला.

"उशीर झाला का मला?"

"न्हाई. तू येळेवर हायेस." इसहाकने बशी काढून कप पुढे केला. "चहा गार झालाय."

भिमाजीने घोट घेतला. "थोडा," तो म्हणाला.

इसहाक बाजूला सरकला आणि त्याला जागा करून दिली. त्या दिवशी शेड जरा उशिरा उघडलं.