भावाच्या नावाची मूठ

आईने कानबाईच्या रोटांचे गहू काढताना माझ्या भावाचं नाव घेतलं. त्या दिवसानंतर भाऊबंदांपैकी कोणी आमच्या घरी जेवलं नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. त्याआधी रोटांचे गहू काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं, अगदी पाळण्यातल्या पोराचंही, नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची मूठ टोपलीत टाकायची. त्या पिठाचे नैवेद्याचे जाड रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. मूठ जिवंत माणसाचीच असते. माणूस गेला की त्याची मूठ थांबते.

आबा, म्हणजे माझे वडील, भाऊबंदांत थोरले. म्हणून एरंडोलजवळच्या आमच्या गावात कानबाई म्हणून पुजायचा नारळ आमच्या घरी असे आणि त्या दिवशी साऱ्या काकू आपापले गहू घेऊन आमच्या ओसरीवर जमत. आबा गेल्यानंतरचा तो दुसरा श्रावण होता. एकेका घराच्या मुठी एकाच टोपलीत पडल्या. शेवटी आमचं घर. त्यात आता पुरुष म्हणून मी एकटाच उरलो होतो. आईने माझं नाव घेऊन मूठ टाकली. मग पुन्हा गव्हात हात घातला, माझ्या थोरल्या भावाचं नाव घेतलं आणि दुसरी मूठ टाकली.

धाकटी काकू हसली. "अक्का, वय व्हयनं तुन्हं. मरेल मानूसनी मूठ लेतस का?"

"मरेलनी नही लिधी," आई म्हणाली. "जित्ता शे मन्हा पोऱ्या. धुयाले ऱ्हास."

धुळ्याचं नाव निघताच एकेक काकू उठली, पदर सावरून निघून गेली. टोपली तशीच राहिली. सगळ्यांचे गहू एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे आपली मूठ कोणालाच परत नेता येईना.

भाऊ सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होता. तिथे त्याने एका नर्सशी लग्न केलं. ती धुळ्याची, बौद्ध घरातली. आबांना कळलं तेव्हा ते सुरतेला गेले आणि एकटेच परत आले. ओट्यावर बसलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, पोरगा मशीनमध्ये सापडला, तिकडेच उरकून आलो. मग आत येऊन आईला खरं सांगितलं. तोवर बाहेर बायका रडायला जमल्या होत्या, म्हणून आईलाही बाहेर येऊन रडावं लागलं. रडताना ती खरंच रडत होती.

मी तेव्हा आठवीत होतो. धाकटा भाऊ म्हणून क्रिया माझ्याकडे आली. नदीवर माझं डोकं भादरलं, मी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. पोराची काही इच्छा राहिली नव्हती, असं माणसं म्हणाली. तेराव्याला गाव वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवलं. आबा पंगतीत फिरून आग्रह करत होते. त्या रात्री आईने मला खरं सांगितलं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं.

पुढे भाऊ धुळ्याला राहायला आला. आई वर्षातून एकदोनदा दवाखान्याच्या निमित्ताने धुळ्याला जाई. वहिनी तिथल्याच एका दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे ते तसं खोटंही नव्हतं. एकदा गावातल्या एकाने धुळ्याच्या स्टँडवर हुबेहूब भावासारखा माणूस पाहिल्याचं सांगितलं. "एका तोंडाची सात माणसं असतात," आबा म्हणाले आणि त्याच्यासाठी चहा मागवला. कानबाईच्या गव्हात आई भावाची मूठ दरवर्षी टाकत होती, पण नाव ओठांतल्या ओठांत घेई. त्या वेळी आबा काहीतरी काम काढून बाहेर जात.

काकू निघून गेल्यावर मी आईला विचारलं, आजच का बोललीस? ती टोपलीतले खडे निवडत होती. म्हणाली, "मी मरसू तवय त्यानी खांदा देवाले जोयजे. मरेल मानूस कसा ई?"

त्या संध्याकाळी भाऊबंद मारुतीच्या पारावर बसले. मीही एका कडेला जाऊन बसलो. भावाच्या लग्नावर फारसं कोणी बोललं नाही. आबांचे चुलतभाऊ, ज्यांना गाव नाना म्हणतं, ते तेराव्यावरच अडले होते. "जित्ता मानूसनं तेरावं खावाडं आमले!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "पन बट्टी चांगली व्हती, नाना." थोडं हसू झालं. मग ठरलं. आमच्या घरचं अन्नपाणी बंद, आणि कानबाईचा नारळ धाकट्या काकूकडे.

नारळ न्यायला काकूच आली. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "आमले बठ्ठास्ले मालूम व्हतं रे. पन अक्कानी बोलाले नको व्हतं." सगळ्यांनाच ठाऊक होतं तर.

टोपलीतले गहू आईने दळून आणले. साऱ्या भाऊबंदांच्या नावाच्या त्या पिठाच्या पोळ्या आम्ही दोघंच खात राहिलो.

यंदा माघात आई गेली. मी भावाला फोन केला. तो, वहिनी आणि वहिनीचे दोन भाऊ दुपारपर्यंत आले. इतक्या वर्षांनी भाऊ गावात पाय ठेवत होता. त्याने आईच्या पायांना हात लावला आणि तिरडी बांधायला बसला.

नाना दारातून आत आले नाहीत. "यानी तिरडीले हात लावा त आमना हात नही," ते मला म्हणाले, जणू भाऊ तिथे नव्हताच. त्यांच्या मागून एक जण बोलला, "भूतनासंगे कोन खांदा दी?"

भावाने सुतळीची गाठ मारली. मग मान वर न करता म्हणाला, "नाना, मन्हा तेरावाले तुम्ही जेवनात. मन्ही मायना खांदाले या."

नाना वळले. मग पारावर जाऊन बसले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले.

आईचं मडकं धाकट्याने धरायचं असतं, ते मी धरलं. खांद्याला भाऊ आणि वहिनीचे दोन भाऊ होते. चौथी बाजू रिकामी होती. वहिनीने पदर खोचला आणि ती बाजू उचलली. गल्लीत ओट्या-ओट्यांवर माणसं होती. तिरडी जाताना ती उभी राहिली, पण खाली उतरलं कोणी नाही. धाकट्या काकूचं दार बंद होतं. मडकं धरणाऱ्याने मागे पाहायचं नसतं, म्हणून नदीपर्यंत मला फक्त चौघांची पावलं ऐकू येत होती.

दहाव्याचा पिंड आम्ही दोघांनी मिळून ठेवला. कावळ्याने फार वाट पाहायला लावली. भावाने आपण आल्याचं मोठ्याने सांगितलं, "माय, मी उनू ना." त्यानंतरही बराच वेळ आम्ही बसून होतो.

आता कानबाई धाकट्या काकूकडे बसते. तिथे माझ्या नावाचीही मूठ काढत नाहीत. मी जळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, भाऊ धुळ्याला असतो. गावातल्या घराला कुलूप आहे. त्याची एक किल्ली माझ्याकडे आहे, एक भावाकडे.