शालनवहिनींचं ‘नाही’

शालनवहिनी गायला उभ्या राहिल्या की आधी चपला काढायच्या. तालमीचा हॉल असो की नाट्यगृहाचं स्टेज, चपला कडेला आणि पदर कमरेला. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “पाय भुईला टेकल्याबिगर आवाज निघत न्हाय, पावणं.”

कोल्हापुरातलं आमचं वृंदगान मंडळ चाळीसेक जणांचं, बहुतेक बँकेतून नाही तर शाळेतून निवृत्त झालेले. वहिनी कसबा बावड्याच्या. घरी तीन म्हशी. संध्याकाळची धार काढून त्या तालमीला यायच्या. अंगाला वैरणीचा वास असायचा, म्हणून काही जण जरा लांब बसायचे. खोटं कशाला बोलू, मीही बसायचो. पण पहिल्यांदा त्या एकट्या गायल्या आणि मी मुकाट्यानं खुर्ची पुढं ओढली.

एका वर्षी स्पर्धेसाठी आमच्या कुलकर्णीबाईंनी नवं गीत बसवलं. एकल ओळी अर्थातच वहिनींना. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांनी एकटीनं ‘आम्ही मागे हटणार नाही’ म्हणायचं आणि मग आम्ही सगळ्यांनी तीच ओळ उचलायची. वहिनींच्या तोंडून निघालं, ‘हटणार न्हाय’.

बाई शिस्तीच्या. म्हणाल्या, “वहिनी, ना-ही. स्पर्धेपर्यंत जमलं नाही तर ओळी दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील.”

“द्या की,” वहिनी म्हणाल्या. “पर आदी मला शिकू द्या. मी शिकतो.”

त्या हट्टालाच पेटल्या. धार काढताना ‘नाही’, शेण काढताना ‘नाही’. एकदा मला म्हणाल्या, “भाऊजी, म्हशीम्होरं रोज शंभरदा ‘नाही’ म्हंतो. आता तीबी दूध द्यायला न्हाय म्हणाय लागलीया.” आम्ही पोट धरून हसलो. मग आम्हाला चाळाच लागला. चहा हवा का विचारलं की ‘न्हाय’. तालमीतही बाईंची पाठ वळली की सगळे हळूच ‘हटणार न्हाय’. या चेष्टेत मी सगळ्यांच्या पुढं होतो, हे कबूल करायला हवं.

स्पर्धेच्या दिवशी वहिनींनी चपला काढल्या आणि पहिलं कडवं घेतलं. शेवटी आलं, ‘आम्ही मागे हटणार नाही’. धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर करून आम्हाला खूण केली आणि आम्ही चाळीस शिकलेली माणसं एका सुरात गायलो, ‘हटणार न्हाय’.

तोंडातच बसलं होतं ते. प्रेक्षकांत हसू फुटलं. बाईंचा हात तसाच वर राहिला. वहिनींनी एकदा मागं वळून आमच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे; चुकार जनावराकडं पाहावं तसं. मग दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच ठणकावून म्हटलं, ‘हटणार न्हाय’. जणू गीत तसंच लिहिलं होतं. आम्ही जीव तोडून साथ दिली. हसणं थांबलं, आणि तिसऱ्या कडव्याला लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. बक्षीस मिळालं नाही. ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे,’ असा परीक्षकांचा शेरा मिळाला.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, “इतक्या कष्टानं आलेलं ‘नाही’ का सोडलंत?”

“चाळीस मान्सं चुकल्यात आन् मी एकटी बरूबर, आसलं गाणं मला गाता येत न्हाय,” वहिनी म्हणाल्या. मग चपला घालता घालता हळूच विचारलं, “पर पयल्या कडव्याला आलं न्हवं, बाई?”

“आलं, वहिनी. अगदी छान आलं.”

“मग बास.”

मला मान वर करवेना.

वहिनी गेल्या त्याला आता वर्ष होईल. ते गीत आम्ही अजून गातो. त्यांच्या ओळी आता एक कॉलेजातली मुलगी गाते, उच्चार अगदी चोख. पहिल्याच तालमीत ती गोंधळून मला म्हणाली, “काका, कागदावर तर ‘नाही’ आहे.”

“ते एकटीनं म्हणायचं,” मी सांगितलं. “सगळे मिळून म्हणतो ते ‘न्हाय’.”